औषध कोणते, हे आधी सांगा

ऑगस्ट सरत आला की वऱ्हाडातल्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात एक संवाद हमखास ऐकू येतो. खाटेवरचा माणूस घामाने चिंब झालेला असतो. तोंडातून लाळ गळत असते, छातीत घरघर असते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या असतात. सोबत आलेली पत्नी भेदरलेली असते.

"ताई, काय फवारत होते?"

"औषध फवारत होते जी."

"कोणतं औषध?"

"कपाशीवरचं. पांढरी बाटली होती, तिच्यावर हिरवं पान काढेल होतं."

पांढऱ्या बाटल्या आणि हिरवी पाने कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर डझनांनी असतात. डॉक्टरांना हवे असते ते बाटलीतल्या रसायनाचे नाव, आणि ती बाटली बहुतेक वेळा धुऱ्यावरच राहिलेली असते.

आपल्या भाषेत दुखण्यावरचे तेही औषध आणि अळीवरचे तेही औषध. शब्द एकच असल्यामुळे त्यातले विष नजरेआड होते. खरे तर फवारणीच्या औषधांत एकमेकांशी काहीही नाते नसलेली अनेक रसायने आहेत. त्यांची विषारीपणाची तीव्रता वेगळी, शरीरावर घाव घालण्याची जागा वेगळी आणि उपचारही वेगळे. ही माहिती आता मोबाइलवर फुकट मिळते, दोन रसायने शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलनाही करता येते. मात्र ती तुलना कशी वाचायची आणि तिच्यावर कुठपर्यंत विसंबायचे, हे कळले नाही तर तीच माहिती दिशाभूल करू शकते.

नावावर उपचार ठरतो

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातील रसायने आहेत. आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. ही रसायने नेमके तेच विकर बंद पाडतात. निरोप पुसलाच जात नाही. म्हणून लाळ, घाम, जुलाब, स्नायूंची थरथर आणि फुप्फुसात पाझरणारे पाणी. यावर अ‍ॅट्रोपीन हे इंजेक्शन जीवनदायी ठरते. छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातले. त्याला असा उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे डायफेन्थियुरॉन पेशींच्या ऊर्जानिर्मितीवरच घाला घालते. त्यालाही विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. तणनाशक पॅराक्वॅटची गोष्ट तर उलटीच आहे. धाप लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावणे हा कोणत्याही दवाखान्यातला पहिला विचार. पण पॅराक्वॅटच्या विषबाधेत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांची हानी वाढू शकते. म्हणजे एका नावाने उपचाराची दिशा बदलते. ते नाव मिळेपर्यंत डॉक्टरांना लक्षणांवरून अंदाज बांधत पुढे जावे लागते, आणि वेळ तर थांबत नाही.

त्रिकोणाचे चार रंग

आपल्याकडे विषारीपणाची सर्वांत जुनी आणि सोपी तुलना बाटलीवरच छापलेली असते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. त्यानुसार प्रत्येक वेष्टनावर उभ्या ठेवलेल्या चौकोनात खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. लाल त्रिकोणावर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. बाटलीवर इतरत्र हिरवे पान, कणीस किंवा फूल असेल, तर ती कंपनीची सजावट आहे. तिचा विषाशी काही संबंध नाही.

हे रंग ठरतात 'एलडी ५०' नावाच्या आकड्यावरून. प्रयोगशाळेतील प्राण्यांना, बहुधा उंदरांना, रसायन तोंडावाटे दिल्यावर त्यांतील निम्मे ज्या मात्रेला दगावतात ती मात्रा म्हणजे एलडी ५०. ती शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, अशी मोजतात. इथे वाचणाऱ्याची पहिली गफलत होते. आकडा मोठा म्हणजे विष मोठे, असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. १ ते ५० हा लाल पट्टा, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा.

जागतिक आरोग्य संघटनेची विभागणी थोडी वेगळी आहे. तिच्या यादीत 'एक-अ' हा वर्ग सर्वांत घातक, त्याखाली 'एक-ब', मग दोन, तीन आणि शेवटी 'सामान्य वापरात तीव्र विषबाधेची शक्यता कमी' असा गट. तिचा दुसरा वर्ग ५० पासून २००० पर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे इकडचा पिवळा आणि तिकडचा दुसरा वर्ग हे एकच नव्हेत. दोन याद्यांची तुलना करताना मोजपट्टी कोणती आहे, हे आधी पाहावे लागते.

मोबाइलवर तुलना कशी करायची

सुरुवात व्यापारी नावाने करायची नाही. एकच रसायन अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. लेबलवर बारीक अक्षरांत मूळ रसायनाचे नाव आणि टक्केवारी असते. दुकानदार त्याला 'कंटेंट' किंवा 'टेक्निकल' म्हणतात. शोधायचे ते हे नाव.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे 'पबकेम' हे संकेतस्थळ २००४ पासून सर्वांना खुले आहे. त्यात रसायनाचे नाव टाकले की सुरक्षितता आणि धोके असा एक स्वतंत्र भाग उघडतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाचा कीटकनाशकांचा माहितीकोश खास शेतीच्या रसायनांसाठी आहे. त्यात माणूस, मधमाशी, मासे, गांडूळ यांच्यावरील परिणाम वेगवेगळे दिलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारीही फुकट उतरवून घेता येते. आणि भारतात कोणते रसायन कोणत्या पिकाला मंजूर आहे, कोणत्यावर बंदी आहे, याच्या याद्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या संकेतस्थळावर असतात.

एक तुलना करून पाहू. एका बाजूला मोनोक्रोटोफॉस, दुसऱ्या बाजूला अळ्यांसाठी वापरले जाणारे क्लोरॲन्ट्रॅनिलिप्रोल. मोनोक्रोटोफॉसचा एलडी ५० सुमारे १४ आहे. त्याच्यासमोर कवटीचे चिन्ह आणि 'गिळल्यास प्राणघातक', 'श्वासावाटे गेल्यास प्राणघातक' अशी धोक्याची वाक्ये दिसतात. क्लोरॲन्ट्रॅनिलिप्रोलचा आकडा ५००० च्या वर आहे. त्याच्यासमोर माणसासाठी तीव्र विषबाधेचे वाक्य नाही. पण मेलेल्या माशाचे आणि सुकलेल्या झाडाचे चिन्ह आहे, कारण पाण्यातील जीवांसाठी ते अतिशय विषारी आहे. म्हणजे फवारणाऱ्यासाठी दुसरे कितीतरी बरे. पण त्याची बाटली नाल्यात विसळणे हा नाल्यातल्या जीवांवरचा अन्याय. एका तुलनेतून दोन गोष्टी कळतात, त्या अशा.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्येच बंद केला गेला होता. २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतल्या मध्यान्ह भोजनातून याच रसायनाची विषबाधा होऊन २३ मुले दगावली. त्याच्या ३६ टक्के द्रावणाची विक्री थांबवण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. तरीही घराच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात एखादी जुनी बाटली उरलेली असू शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पाच नावे, एकच वॉर्ड

आता तुलनेची मर्यादा. तिचा धडा वाशिमला शेजारच्या जिल्ह्याने दिला आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली. अनेकांची दृष्टी काही काळ अंधुक झाली होती. राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. त्यानंतर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली.

ती पाच नावे विषारीपणाच्या आकड्यांसह शेजारी शेजारी मांडली की चित्र विचार करायला लावणारे आहे. मोनोक्रोटोफॉस, सुमारे १४. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, अनुक्रमे सुमारे ९२ आणि ४५०. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण, सुमारे ३५८ आणि २५०. अ‍ॅसिफेट, सुमारे ९४५. आणि डायफेन्थियुरॉन, सुमारे २०६८. लाल पट्ट्यापासून निळ्या पट्ट्यापर्यंत सगळे एकाच यादीत. आकड्यांकडे पाहिले तर पहिल्या आणि शेवटच्या नावात जवळजवळ दीडशे पटींचा फरक आहे. तरी बंदी दोघांवरही घालावी लागली.

असे का झाले? कारण एलडी ५० हा आकडा तोंडावाटे एकदाच दिलेल्या शुद्ध रसायनाचा असतो. शेतातला माणूस ते गिळत नाही. त्याच्या अंगावर ते तासन् तास उडत असते. त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती, त्यामुळे फवारा खाली पडण्याऐवजी तोंडासमोर येत होता. दमट उकाड्यात घामाने भिजलेली कातडी रसायन अधिक शोषून घेते. अंगात साधा सदरा, पाय उघडे, तोंडाला फार तर रुमाल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठीवर पंप. आणि एका पंपात दोन-तीन औषधे आणि वर टॉनिक.

मिश्रणाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. माहितीकोशात प्रत्येक रसायनाचे पान स्वतंत्र असते. शेतकऱ्याने बादलीत तयार केलेल्या मिश्रणाचे पान कुठेच नसते. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडचे शरीरात विघटन करणारी काही विकरे असतात. ऑरगॅनोफॉस्फेट त्या विकरांनाच अडवते. म्हणून ही दोन एकत्र आली की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा अधिक होऊ शकतो.

उंदराचा हिशेब आणि माणसाचा

आकड्यावर किती विसंबावे, याचे उत्तर श्रीलंकेतील डॉक्टरांनी रुग्णांच्या खाटेशेजारी शोधले. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटात ऑरगॅनोफॉस्फेट गेलेले ८०२ रुग्ण त्यात होते. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट आणि फेन्थिऑन ही तिन्ही रसायने जागतिक आरोग्य संघटनेच्या दुसऱ्याच वर्गातली. उंदरांच्या आकड्यांनुसार क्लोरपायरीफॉस आणि डायमेथोएट जवळजवळ सारखीच. रुग्णांमध्ये मात्र क्लोरपायरीफॉसने शंभरांत ८ जण दगावले, फेन्थिऑनने १६ आणि डायमेथोएटने २३. वर्ग एक असूनही मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तिप्पट.

पॅराक्वॅट हेही दुसऱ्याच वर्गात आहे. श्रीलंकेतीलच नंतरच्या मोठ्या अभ्यासात त्याने विषबाधा झालेल्यांपैकी शंभरांत चाळीसहून अधिक रुग्ण वाचू शकले नाहीत. कागदावर 'मध्यम', वॉर्डात सर्वांत भयंकर.

यातून तीन गोष्टी घ्यायच्या. पहिली, उंदराचा आकडा दारातून आत नेतो, घर दाखवत नाही. दुसरी, बाटलीत मूळ रसायनाखेरीज ते विरघळवणारे द्रावकही असते आणि काही वेळा तेही विषबाधेची तीव्रता वाढवते. मूळ घटकाच्या पानावर त्याचा उल्लेख नसतो. तिसरी, माहितीकोशातील रिकामी जागा म्हणजे 'धोका नाही' असे नव्हे. अनेकदा त्याचा अर्थ 'तपासलेले नाही' एवढाच असतो. एखाद्या रसायनाचा कर्करोगाशी किंवा गर्भातील बाळाशी संबंध आहे का, या रकान्यात काही लिहिलेले नसेल तर निर्धास्त होऊ नये.

विहीर आणि कठडा

शास्त्रज्ञ 'घातकता' आणि 'जोखीम' असे दोन वेगळे शब्द वापरतात. गावातल्या माणसाला ते विहिरीवरून चटकन कळते. विहीर किती खोल आहे, ही झाली घातकता. तिला कठडा आहे का, वाट किती जवळून जाते आणि अंधारात तिथून कोण जाते, ही झाली जोखीम. मोबाइलवरचा माहितीकोश विहिरीची खोली सांगतो. कठडा आपल्यालाच बांधावा लागतो.

वाशिम जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचे क्षेत्र मोठे, जोडीला तूर, आणि मानोरा-कारंजाकडे कपाशी. सोयाबीनवर आधी तणनाशक, मग खोडमाशी, चक्रीभुंगा आणि अळ्यांसाठी कीटकनाशक. मजूर बहुतेक वेळा एकाच शेतावर थांबत नाही; आज एकाचे शेत, उद्या दुसऱ्याचे. त्याच्या अंगावर आठवडाभरात किती रसायने उडाली, हे शेतमालकालाही सांगता येणार नाही. पाणी आणून देणारी, पंप भरायला मदत करणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाई तर हिशेबातच धरली जात नाही. खरे पाहता पंप भरण्याची वेळ सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा हाताखाली पाणी न मिसळलेले दाट औषध असते.

म्हणून तुलना करायची ती दुकानाच्या काउंटरवर, आणि प्रश्न विचारायचा तो साधा: याच किडीसाठी यापेक्षा कमी विषारी, मंजूर असलेले दुसरे काही आहे का? बहुतेक किडींसाठी एकापेक्षा अधिक पर्याय असतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला त्यासाठी घेता येतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. संकेतस्थळे बहुतांश इंग्रजीत आहेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दोन पाने उघडून आईवडिलांना मराठीत समजावली, तर तीही मोठीच मदत होईल.

प्रत्येक रसायनासोबत उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रकही असते. त्याचे १६ भाग ठरलेले आहेत. सामान्य माणसाने तीन पाहिले तरी पुरे: दुसरा भाग धोक्यांचा, चौथा प्रथमोपचाराचा आणि आठवा अंगावर काय घालावे याचा. दोन पत्रके परस्परविरोधी वाटली, तर कोणते अलीकडचे आहे ते पाहावे आणि अधिक कडक सूचना पाळावी.

विषबाधा झालीच तर

फवारताना डोके दुखणे, मळमळ, नजर अंधुक होणे, लाळ सुटणे किंवा स्नायू फडफडणे यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवावे. 'एवढी ओळ संपवतो' म्हणू नये. माणसाला वाऱ्याच्या बाजूला, मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून साबणाने भरपूर पाण्यात अंग आणि केस धुवावेत. धुणाऱ्यानेही हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. डोळ्यांत उडाले असेल तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. विष किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. दूध, तूप, ताक यांपैकी काही पाजू नये. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

उपचारांसाठी सल्ला हवा असल्यास दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास उपलब्ध असते. निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७. तिथेही पहिला प्रश्न हाच विचारला जातो: रसायनाचे नाव काय?

याचे उत्तर तयार ठेवायला खर्च येत नाही. बाटलीचे बूच उघडण्याआधी मोबाइलवर लेबलचे दोन फोटो काढावेत. एक रंगीत त्रिकोणाचा, दुसरा रसायनाचे नाव आणि टक्केवारी दिसेल असा. पंपात जितकी औषधे जाणार, तितक्या सर्वांचे. ते फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत, मजूर असेल तर त्याच्याही. बाटलीसोबत आलेले घडीपत्रक फेकू नये. त्यात लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला असतो. रिकामी बाटली पाण्याला किंवा तेलाला वापरू नये, आणि औषध कधीही दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. नाव पहिल्या बाटलीवर राहते आणि विष दुसरीत जाते, मग दवाखान्यात कुणालाच काही सांगता येत नाही.

पुढच्या वेळी अपघात विभागात "कोणतं औषध?" असा प्रश्न येईल, तेव्हा सोबतच्या ताईंनी हिरव्या पानाचे वर्णन करण्याऐवजी पदरात धरलेला मोबाइल डॉक्टरांपुढे करावा. उपचार तिथूनच सुरू होतात.